विहिरीचे पाणी कोठून येते?

आपण रोज पाणी पितो. पाणी नसले तर आपण जगणार नाही, हे आपल्याला पहिलीपासून पाठ आहे. पण आपण पितो ते गोडे पाणी मुळात कोठून येते, हे मला यंदा चौथीत कळले. ते कसे कळले, ते मी या लेखात लिहीत आहे.

सुरुवात आमच्या घरी झाली. माझी आजी म्हणाली, "विहिरीला पाताळातला झरा हाय. तो देवानं दिलाय. त्याला अंत न्हाई." मी म्हणाले, "आजी, गुरुजी म्हणतात विहिरीचं पाणी म्हणजे पावसाचंच पाणी." आजी म्हणाली, "आगं, पाऊस वर पडतो आन् झरा खालनं येतो. मग ते पाणी पावसाचं कसं?" मला उत्तर देता येईना. दुसऱ्या दिवशी मी गुरुजींना विचारले. गुरुजी म्हणाले, "आजींचा प्रश्न चांगला आहे. उत्तर मी सांगणार नाही. आपण वर्षभर मोजू आणि मग तूच आजींना सांग."

समुद्राचे खारट पाणी गोडे कसे होते?

पृथ्वीवरचे बहुतेक पाणी समुद्रात आहे, आणि ते खारट आहे. मग ढगातून पडणारे पाणी गोडे कसे? यासाठी आम्ही वर्गात एक प्रयोग केला. तुम्हीही करून पाहा.

साहित्य : मोठे पातेले, मीठ, पाणी, एक छोटी वाटी, प्लॅस्टिकचा पारदर्शक कागद, सुतळी, एक गुळगुळीत खडा.

कृती : पातेल्यात चार बोटे पाणी घेऊन त्यात मूठभर मीठ विरघळवावे. मधोमध रिकामी वाटी ठेवावी. पातेल्याचे तोंड कागदाने झाकून सुतळीने बांधावे. वाटीच्या बरोबर वर, कागदावर खडा ठेवावा, म्हणजे कागद मध्ये खोलगट होतो. मग पातेले दिवसभर उन्हात ठेवावे.

काय दिसले : दुपारी कागदाला आतून घाम आल्यासारखे थेंब दिसले. ते घरंगळत मध्ये आले आणि वाटीत पडले. संध्याकाळी वाटीत दोन-तीन चमचे पाणी जमले होते. आम्ही सगळ्यांनी बोट लावून चाखले. ते अजिबात खारट नव्हते. पातेल्यातले पाणी मात्र सकाळपेक्षा जास्त खारट लागले.

काय समजले : उन्हाने पाण्याची वाफ होते. वाफेबरोबर मीठ वर जात नाही, ते खालीच राहते. वाफ गार झाली की तिचे पुन्हा पाणी होते, आणि ते गोडे असते.

गुरुजी म्हणाले, "समुद्र म्हणजे हेच पातेले समजा. सूर्य तोच. वाटी म्हणजे आपली जमीन." नद्या, तळी, ओली जमीन आणि झाडांची पाने यांतूनही वाफ होते. पण सर्वांत जास्त वाफ समुद्रातून होते. त्यातले बरेचसे पाणी पाऊस होऊन परत समुद्रातच पडते. थोडाच भाग वाऱ्याबरोबर जमिनीवर येतो. त्या थोड्यावर आपण सगळे जगतो. हवेत गेलेले पाणी सरासरी आठ-दहा दिवसच वर राहते, मग ते कोठेतरी पडतेच.

ढग आमच्यापर्यंत कसा येतो?

आमचे गाव सातारा जिल्ह्यात माण तालुक्यात आहे. उन्हाळ्यात जमीन फार तापते. मग समुद्रावरून जमिनीकडे वारे वाहू लागतात. यांना नैर्ऋत्य मोसमी वारे म्हणतात. ते हिंदी महासागर आणि अरबी समुद्रावरून वाफ घेऊन येतात. साधारण १ जूनला ते केरळात पोचतात आणि पुढे आपल्याकडे येतात.

कोकण ओलांडले की वाऱ्यापुढे सह्याद्री उभा राहतो. वाऱ्याला डोंगर चढावा लागतो. वर हवा गार असते. गार हवेत वाफेचे पाणी होते आणि धो धो पाऊस पडतो. डोक्यावर बोजा घेऊन घाट चढणारी बाई दमते आणि माथ्यावर बोजा खाली ठेवते, तसे ढगांचे होते. ते आपला बोजा सह्याद्रीच्या माथ्यावरच उतरवतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरपेक्षाही जास्त पाऊस पडतो. म्हणजे तेथले सगळे पाणी न वाहता साठून राहिले, तर तीन माणसे एकमेकांच्या खांद्यावर उभी राहिली तरी बुडतील.

डोंगर उतरून वारा आमच्याकडे येतो तेव्हा तो रिकामा झालेला असतो. शिवाय खाली उतरणारी हवा तापते, म्हणून उरलेली वाफही पडत नाही. अशा भागाला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. माणमध्ये वर्षाला सुमारे ५०० मिलिमीटर, किंवा त्याहूनही कमी पाऊस पडतो. नकाशावर सरळ रेघ ओढली तर दहिवडीहून महाबळेश्वर शंभर किलोमीटरसुद्धा नाही. जिल्हा एकच, पण पाऊस दहा पटींहून जास्त! आम्हाला जास्त आशा परतीच्या पावसाची असते. तो भाद्रपद-आश्विनात येतो.

आम्ही शाळेच्या पटांगणात सरळ कडांचा पत्र्याचा डबा ठेवला. पाऊस पडला की पट्टीने मोजायचे, वहीत लिहायचे आणि डबा रिकामा करायचा. ज्येष्ठापासून आश्विनापर्यंत सगळी बेरीज ४१० मिलिमीटर आली.

पडलेला पाऊस जातो कोठे?

पावसाचे पाणी तीन वाटांनी जाते. काही ऊन-वाऱ्याने परत वाफ होऊन जाते. काही ओढ्याला मिळते. आमचा ओढा माणगंगेला मिळतो, माणगंगा भीमेला, भीमा कृष्णेला, आणि कृष्णा आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला मिळते. म्हणजे अरबी समुद्राकडून आलेले पाणी आमच्या दारावरून पलीकडच्या समुद्रात जाते. तिसरी वाट म्हणजे जमिनीत मुरणे. विहिरीला याच वाटेचे पाणी मिळते.

आमच्या जमिनीखाली काळा पाषाण आहे. त्याला बेसाल्ट म्हणतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून तापलेला लाव्हा बाहेर आला आणि थरावर थर थंड झाला. त्याचा हा खडक झाला. महाराष्ट्राचा बहुतेक भाग याच खडकाचा आहे. हा खडक फार घट्ट असतो. त्यात वाळूसारखे पाणी मुरत नाही. पाणी फक्त वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत साठते. म्हणून पडलेल्या पावसाच्या शंभर भागांतले साधारण दहा भागच खाली जाऊन साठतात.

फाल्गुनात विहीर आटली तेव्हा गुरुजींनी आम्हाला काठावर नेले. (मुलांनी एकट्याने विहिरीवर जाऊ नये.) वरून पाहिले तर थर स्पष्ट दिसत होते. वर काळी माती, तिच्याखाली पिवळसर मुरूम, त्याच्याखाली काळा पाषाण. मुरूम आणि पाषाण यांच्या सांध्यात एक भेग होती, आणि तिच्यातून बारीक धार गळत होती. तोच आजीचा झरा! म्हणजे झरा खरा आहे. आजी खोटे बोलत नव्हती. पण झऱ्यात पाणी येते ते भेगांतून, भेगांत येते ते मुरमातून, आणि मुरमात येते ते पावसातून.

विहिरीची वही

गुरुजींनी मला एक दोरी दिली. तिला हाता-हातावर गाठी मारल्या आणि टोकाला दगड बांधला. महिन्यातून एकदा गुरुजी आणि मी सार्वजनिक विहिरीवर जायचो. दोरी तळापर्यंत सोडायची आणि किती हात भिजली ते मोजायचे. वहीतल्या काही नोंदी अशा :

ज्येष्ठ, पहिल्या पावसाआधी – १ हात
श्रावण – ४ हात
आश्विन, मोठ्या पावसानंतर – १४ हात
दिवाळी – १३ हात
संक्रांत – ८ हात
शिमगा – २ हात
गुढीपाडवा – दोरी भिजली नाही, दगडाला चिखल लागला

एक गोष्ट मला लगेच समजली. डब्यात पाऊस जमला की थोड्या दिवसांनी दोरी जास्त भिजे. जमिनीतून पाणी हळूहळू पाझरत येते, म्हणून थोडे दिवस लागतात. डबा कोरडा असला की दोरी कमी भिजे. विहीर आणि डबा यांचे नाते आहे.

दुसरी गोष्ट समजायला वेळ लागला. संक्रांतीपर्यंत पाणी हळूहळू उतरले, पण नंतर एकदम उतरले. त्याच सुमारास विहिरीच्या वरच्या अंगाला एकाने नवीन बोअर मारले आणि कांद्याला पाणी सुरू केले. मी रागाने म्हणाले, "त्यांनी आपलं पाणी पळवलं." गुरुजी म्हणाले, "त्यांनाही पीक जगवायचे आहे. त्यांना वाटते बोअरचे पाणी वेगळे आणि विहिरीचे वेगळे. पण खालच्या भेगा एकमेकींना जोडलेल्या असू शकतात. एकाच माठात दोघांनी तांब्या बुडवला तर माठ लवकर रिकामा होणारच." मग मला आठवले, मळ्यातल्या आमच्या विहिरीवरही दिवसभर मोटर चालते. आम्हीही त्याच माठातून घेतो. हे मी घरी सांगितले तेव्हा आमचे बाबा काही बोलले नाहीत. पण त्या आठवड्यापासून ते मोटर लवकर बंद करू लागले.

फाल्गुनात टँकर सुरू झाला. टँकर आला की आई आणि मी घागरी घेऊन पळतो. एक दिवस टँकर सकाळी आला, त्यात माझी गणिताची चाचणी बुडाली. आमची तांबडी गाय बाजारात विकली. तिला दिवसाला चार-पाच घागरी पाणी लागायचे. ती गेली त्या दिवशी मी जेवले नाही.

आजीला पटले

पाडव्याला मी वही घेऊन आजीजवळ बसले. तिला वाचता येत नाही, म्हणून सगळे वाचून दाखवले. मग तिला विचारले, "आजी, ७२ च्या दुष्काळात काय झालं होतं?"

आजी १९७२ साली बारा वर्षांची होती. ती म्हणाली, "पाऊसच न्हाई आला. आदल्या सालीबी कमीच झालेला. हिरीत भांडं सोडलं तर दगडावर वाजायचं. आम्ही समदी खडी फोडाया जायचो. सुकडी मिळायची." मी विचारले, "मग पाताळातला झरा का आटला?" आजी बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पावसाचंच म्हण की गं ते. आमी म्हनायचो देव रुसला."

मला वाटले होते की मी जिंकले की मला आनंद होईल. पण तसे झाले नाही. कारण झऱ्याला अंत नाही असे आजीला वाटत होते, तेच बरे होते. झऱ्याला अंत आहे, हे कळल्यावर काळजी वाटते.

पूर्वीच्या लोकांनाही असेच वाटे

ही गोष्ट गुरुजींना सांगितली तेव्हा ते म्हणाले, "फक्त आजीच नाही, मोठमोठ्या विद्वानांनाही असेच वाटत होते." युरोपात पूर्वी बरेच लोक म्हणत की पावसाचे पाणी नद्यांना पुरणार नाही. समुद्राचे पाणीच जमिनीखालून डोंगरात जाते आणि झऱ्यांतून बाहेर येते. मग फ्रान्समध्ये पिएर पेरो नावाच्या माणसाने सेन नदीच्या उगमाकडचा भाग निवडला. तेथे वर्षभरात पाऊस किती पडतो आणि नदीतून पाणी किती वाहते, याचा त्याने हिशेब केला. १६७४ साली त्याचे पुस्तक निघाले. पाऊस नदीच्या पाण्याच्या सहापट भरला! म्हणजे पावसाचे पाणी नदीला पुरून उरते. पुढे इंग्लंडच्या एडमंड हॅली याने भांड्यातल्या पाण्याची वाफ किती होते ते मोजले आणि समुद्रातून किती पाणी वर जात असेल याचा अंदाज केला. हॅलीचा धूमकेतू तो याच्याच नावाचा.

मला याचे फार नवल वाटले. साडेतीनशे वर्षांपूर्वी त्यांनी जे केले, तेच आम्ही डबा आणि दोरी घेऊन केले.

शंभर तांबे पाणी

पृथ्वीवर एवढे पाणी असून आपल्याला का पुरत नाही? समजा, पृथ्वीवरचे सगळे पाणी म्हणजे एक-एक लिटरचे शंभर तांबे. त्यांतले साडेसत्त्याण्णव तांबे खारट आहेत. उरले अडीच तांबे गोडे. त्या अडीचपैकी पावणेदोन तांब्यांच्या जवळपास बर्फ आहे. तो बर्फ मुख्यतः दक्षिण ध्रुवाजवळच्या अंटार्क्टिकावर आणि उत्तरेकडच्या ग्रीनलंडवर आहे. सुमारे पाऊण तांब्या जमिनीखाली आहे, पण त्यातलेही काही फार खोल आहे. जगातल्या सगळ्या नद्या आणि गोड्या पाण्याची तळी मिळून किती? फक्त दीड चमचा!

गंगेला हिमालयातल्या बर्फाचेही पाणी मिळते. आपल्या महाराष्ट्रातल्या नद्यांना बर्फ नाही. त्या पूर्णपणे पावसावर आणि जमिनीत मुरलेल्या पाण्यावर चालतात.

शाळेच्या छपरावरचे पाणी

आता शेवटचा हिशेब. एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर बरोबर एक लिटर पाणी होते. आमच्या शाळेचे छप्पर १० मीटर लांब आणि ६ मीटर रुंद आहे. १० गुणिले ६ म्हणजे ६० चौरस मीटर. पाऊस पडला ४१० मिलिमीटर.

६० × ४१० = २४,६०० लिटर.

आमची घागर १५ लिटरची आहे. २४,६०० भागिले १५ म्हणजे १,६४० घागरी. एवढे पाणी आमच्या डोक्यावर पडले, पन्हाळीतून रस्त्यावर गेले, ओढ्याला मिळाले, आणि आम्ही फाल्गुनात टँकरच्या रांगेत उभे राहिलो.

हा हिशेब गुरुजींनी पालकसभेत मला फळ्यावर करायला लावला. माझे पाय कापत होते. पण सगळे ऐकत होते. भागाकार झाल्यावर मागून एक आजोबा म्हणाले, "पोरीनं बराबर सांगितलं." मग चार पालकांनी शाळेजवळ एक शोषखड्डा खणला. त्यात खाली मोठे दगड, वर खडी आणि त्यावर जाड वाळू भरली. छपराच्या पन्हाळीला पाइप जोडला. आता पहिल्या पावसाचे पाणी वाहून जाऊ द्यायचे, कारण छपरावर धूळ असते. नंतरचे खड्ड्यात सोडायचे.

एका खड्ड्याने विहीर भरत नाही, हे गुरुजींनी आधीच सांगितले आहे. सगळ्या घरांनी केले, बांध नीट ठेवले, ओढ्यात पाणी अडवले आणि उपसाही बेताने केला, तर फरक पडेल. खड्डा तयार आहे. पाऊस अजून यायचा आहे.

बालमित्रांनो, माझी चौथी आता संपत आली. जूनपासून मी पाचवीला दुसऱ्या गावच्या शाळेत जाणार. म्हणून विहिरीची वही, गाठींची दोरी आणि पत्र्याचा डबा मी तिसरीच्या वर्गाकडे देत आहे. जूनमध्ये पहिला पाऊस पडायच्या आधी गुरुजींबरोबर जाऊन एकदा दोरी सोडा आणि तारीख घालून लिहा. एकही महिना चुकवू नका. वहीची अजून बरीच पाने कोरी आहेत.

सांगा पाहू :
१. समुद्राचे पाणी खारट, तर पावसाचे पाणी गोडे का?
२. महाबळेश्वरपेक्षा माणमध्ये पाऊस कमी का पडतो?
३. तुमच्या घराच्या छपरावर ४१० मिलिमीटर पाऊस पडला, तर किती घागरी पाणी होईल? आधी छप्पर मोजा, मग गुणाकार करा.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी